हालत्या रानातली आग

शेतकी खात्याचा माणूस गावात आला की आधी कुत्री भुंकायची आणि मागोमाग दारं लागायची, असे ते दिवस होते. जर्मनीशी पहिली लढाई अजून पेटायची होती. प्लेगच्या आठवणी लोकांच्या मनात ताज्या होत्या. सरकारी टोपी घालून जो येतो तो काहीतरी न्यायलाच येतो, हा समज जुन्नर-आंबेगावकडे पक्का होता. त्या खात्यात मी फिरता कामदार होतो. म्हणजे गावोगाव हिंडायचं, माती बघायची, सुधारलेलं बी वाटायचं, लोखंडी नांगर चालवून दाखवायचा आणि सगळ्याचं टिपण वर पाठवायचं. लोक मला ‘शेतकीवाला’ म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते दिवाळीच्या अंकात छापता येणार नाही.

ओझरला एकानं माझ्याकडून जोंधळ्याचं बी मागून घेतलं. पुढच्या खेपेला विचारलं तर म्हणाला, “उगवलं न्हाई.” शेजारी उभा असलेला गडी तोंड फिरवून हसत होता. खोदून विचारल्यावर कळलं, की बी विषारी आहे का हे बघायला त्यानं आधी मूठभर कोंबडीला घातलं होतं. कोंबडी मेली नाही, म्हणून उरलेलं घरच्यांनी दळून खाल्लं. नारायणगावच्या एका बागाईतदारानं मी वहीत काय लिहिलं ते मास्तरांकडून वाचून घेतल्याशिवाय मला वेशीबाहेर पडू दिलं नाही. परके राहू द्या, मी स्वतः तिथल्याच आळे गावचा. पण नोकरी लागल्यावर माझे सख्खे चुलते माझ्यासमोर पिकाचं बोलेनासे झाले.

संशयही साथीचा असतो. दोन वर्षांत मलाही तो लागला. माणूस खरं बोलला तरी मला वाटे, का बरं बोलला असेल? माझ्या वहीत पिकांपेक्षा माणसांबद्दलच्या शंका जास्त असत. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात मातीचा दोष थोडा आणि या सवयीचा मोठा आहे.

आमचं काम बाहेरच्याला वाटतं तितकं गूढ नव्हतं. माती हातात घ्यायची, बोटांनी चोळायची, हुंगायची, कधी चिमूटभर दाताखाली धरायची. चिकण माती दाताला लोण्यासारखी लागते, वाळूची कचकचते. मग ढेकूळ पाण्यात टाकायचं आणि ते कसं फुटतं ते बघायचं. मी शेकडो ढेकळं बुडवली. तरंगलेलं ढेकूळ मात्र एकाच रानातलं पाहिलं.

ते रान धोंडिभाऊंचं. धोंडिभाऊ घोडेगावाकडचे जुने जमीनदार, वयानं पन्नाशीचे, अंगानं आडवे, बोलायला रोखठोक. भाऊ वारल्यावर पश्चिमेकडच्या डोंगरातलं एक रान त्यांच्या वाट्याला आलं होतं. वाडीचं नाव देत नाही, तिथली माणसं अजून आहेत. तीन बाजूंनी डोंगर आणि मध्ये बशीसारखा सखल भाग. वरच्या अंगाला एक झरा, तो वैशाखातही आटत नसे. त्या पाण्यात लव्हाळा आणि गवत पिढ्यान् पिढ्या उगवलं, मेलं, तिथंच अर्धवट कुजलं, आणि त्याच्यावर पुन्हा उगवलं. असा छातीभर खोल काळाभोर थर साचला होता. पाय ठेवला की पुढची चार हात जमीन हलायची. लोक त्याला ‘हालतं रान’ म्हणत.

“कामदार, एवढं काळं सोनं पडून हाय,” धोंडिभाऊ म्हणाले. “पाणी काढलं तर काय पिकंल सांगा.”

मी ढेकूळ घडीभर उन्हात ठेवलं आणि पाण्यात टाकलं. ते तरंगलं. मला वाटलं, भुसभुशीत आहे, हवा धरून आहे, बटाट्याला याहून चांगली जमीन सापडायची नाही. ते का तरंगतं हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

रान पडून होतं असं म्हणणंही खरं नव्हतं. ठकूबाई म्हणून वाडीतलीच एक महादेव कोळी जमातीची विधवा त्यावर जगत होती. चाळिशीची असेल. उंच, हाडकुळी, बोलताना समोरच्याच्या हातांकडे बघायची. झऱ्याच्या तोंडाशी तिनं अळू लावलं होतं. मधला लव्हाळा कापून ती चटया विणायची आणि उन्हाळ्यात सगळा डोंगर करपला की तिची म्हैस याच रानाच्या कडेनं चरायची. धोंडिभाऊंच्या भावानं तिच्या सासऱ्याला तोंडी परवानगी दिली होती. कागद नव्हता.

आम्ही चर आखायला लागलो तशी ती येऊन उभी राहिली.

“काय करताय?”

“पाणी काढतोय,” मी म्हणालो. “इथं बटाटा लावायचाय.”

“सगळं पानी?”

“सगळं.”

तिनं माझ्या हातातल्या दोरीकडे बघितलं. मग म्हणाली, “साहेब, ह्या रानाला तहान लागू देऊ नका. पानी न्याल तर हे रान जळंल. सांगून ठेवते.”

धोंडिभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या संध्याकाळी मी वहीत लिहिलं, ‘ठकूबाई नावाच्या बाईनं रान जाळण्याची धमकी दिली.’

चर खणले. मधून एक मोठा, खालच्या ओढ्याला मिळणारा, आणि त्याला दोन्ही बाजूंनी लहान. उतार बरोबर राहावा म्हणून मी सागाच्या लांब खुंट्या खालच्या मुरुमापर्यंत ठोकून घेतल्या आणि त्यांची डोकी जमिनीच्या पातळीला आणली. महिन्याभरात पाणी निघून गेलं. ठकूबाईकडे झऱ्याजवळचा अळवाचा एक तुकडा तेवढा राहिला.

पहिल्या हंगामात बटाटा असा आला की मुठीत मावेना. घोडेगावाहून लोक बघायला आले. आमच्या खात्याचे साहेब घोड्यावरून येऊन गेले, चराच्या काठी उभे राहून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. धोंडिभाऊंनी पेढे वाटले. माझा ऊर भरून आला होता, खोटं कशाला सांगू? गावोगाव दारं लागणाऱ्या माणसाला एका तरी रानानं होकार दिला होता.

पुढच्या वर्षी थंडीत गेलो तर माझ्या खुंट्या जमिनीच्या वीतभर वर आलेल्या होत्या. एक नाही, सगळ्या. मी मोगरी घेऊन ठोकायला लागलो. खुंटी जराही खाली जाईना.

“कुणीतरी उपटून खाली दगड घातलेत,” मी म्हणालो.

“दुसरं कोण घालणार?” धोंडिभाऊ म्हणाले, आणि ठकूबाईच्या झोपडीकडे हनुवटी केली.

मी एकही खुंटी उपटून खाली दगड आहे का ते पाहिलं नाही. पुन्हा वही काढली आणि लिहिलं.

चैत्रात धूर निघाला.

त्या भागात भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजतात, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण असं थर लावून पेटवायचं, त्याला राब म्हणतात. तण मरतं आणि रोप जोमानं येतं. ठकूबाईनं आपला राब हालत्या रानाच्या वरच्या कडेला, नेहमीच्या जागी भाजला होता. चार दिवसांनी धोंडिभाऊंचा निरोप आला. येऊन बघतो तर रानाच्या मधोमध, जिथं पेटायला काडी नव्हती, तिथं जमिनीतून धूर येत होता. ज्वाळा नाही, निखारा नाही. नुसता पांढरट, उग्र वासाचा धूर. चुलीत ओलं शेणकूट घालावं तसा.

धोंडिभाऊंनी फिर्याद केली. फौजदार आले, हवालदार आला. मला विचारलं, “तुम्हाला काय माहीत आहे?” मी वही काढून वाचली. जाळण्याची धमकी, उपटलेल्या खुंट्या, कडेला भाजलेल्या राबाची राख. यातला एकही शब्द मी बनवला नव्हता. म्हणूनच ते जास्त वाईट होतं.

ठकूबाईला घेऊन गेले. जाताना तिनं म्हशीचं दावं शेजारणीच्या हातात दिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “मी तुमाला सांगितलं व्हतं. तुमी लिवून घेतलंत, ऐकलं न्हाई.”

मी विझवायला थांबलो. गड्यांनी ओढ्यावरून घागरी आणून ओतल्या. धूर थांबला. सकाळी पाच हात पलीकडून निघायला लागला. तिथं ओतलं, तर दुपारी मागच्या बाजूनं. गडी एकमेकांकडे बघायला लागले. एक जण म्हणाला, “राव, बाई तर कचेरीत हाय. मग आता कोन लावतंय?”

तो माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होता ती मी ओळखली. तशा नजरेनं मी दोन वर्षं सगळ्यांकडे बघत आलो होतो.

तिसऱ्या दिवशी धोंडिभाऊंनी बैलजोडी आणली, धुमसणाऱ्या जागेभोवती नांगरानं एक चरी मारून आग अडवावी म्हणून. त्यातला एक पाखऱ्या, पांढरं, शांत जनावर. चार पावलं गेला आणि त्याचा पुढचा पाय जमीन फोडून गुडघ्यापर्यंत आत गेला. असा हंबरला की धोंडिभाऊंच्या हातून कासरा सुटला. आम्ही सहा जणांनी त्याला मागं ओढलं. खूर भाजून निघाला होता. जिथं पाय गेला त्या भोकात मी वाकून पाहिलं. वर वीतभर माती शाबूत होती आणि खाली पोकळीत लालभडक विस्तव पसरला होता. माती जळत होती. मातीच.

धोंडिभाऊ बैलाच्या पायाला तेल-हळद लावत बसले होते. मी दूर जाऊन चराच्या काठचं एक सुकं ढेकूळ घेतलं, तीन दगडांवर ठेवलं आणि खाली काटक्या पेटवल्या. काटक्या विझल्या, पण ढेकूळ गोवरीसारखं आत आत जळत राहिलं आणि शेवटी मूठभर राख उरली. मग झऱ्याजवळचं ओलं ढेकूळ ठेवलं. ते चुरचुरलं, वाफाळलं आणि तसंच राहिलं.

मग एक खुंटी उपटली. खाली दगड नव्हता. टोक मुरुमावर टेकलेलं होतं, मी टेकवलं होतं तसंच. खुंटी वर आली नव्हती. जमीन खाली गेली होती. पाणी होतं तोवर ते रान स्पंजासारखं फुगून उभं होतं. मी पाणी काढलं, ते दबलं, सुकलं, आणि सुकल्यावर ते माती राहिलंच नाही, सरपण झालं. राबाची एखादी ठिणगी आतून सरकत आली असेल. पण दोन वर्षांपूर्वीही बाई तिथंच राब भाजत होती, तिच्या सासूनंही भाजला होता, तेव्हा कधी काही पेटलं नव्हतं. फरक फक्त माझ्या चराचा होता.

मी सुकी ढेकळं पोत्यात भरली आणि कचेरी गाठली.

फौजदारांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग पेन खाली ठेवून म्हणाले, “परवा एक जबानी, आज दुसरी. बाईच्या माणसांनी तुम्हाला धरलं तर नाही ना कुठं?”

“नाही साहेब.”

“मग काही मिळालं?”

माझे कान तापले. मी शेगडी मागवली आणि ढेकूळ ठेवून दाखवलं. ते जळलं. फौजदार म्हणाले, “यात शेण कालवलेलं नाही कशावरून?”

रागवावं तरी कुणावर? मीही हेच विचारलं असतं. म्हणालो, “तुमचा हवालदार पाठवा. त्याच्या हातानं खणू दे, त्याच्या हातानं आणू दे, मी शिवणार नाही.”

हवालदार गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपल्या पटक्यात बांधून ढेकळं घेऊन आला. जमिनीतून येणारा धूर बघून तो घाबरला असावा. ढेकळं शेगडीवर त्यानंच घाईघाईनं ठेवली. ती तशीच जळली. फौजदारांनी ती राख बोटांनी चोळून पाहिली. मग त्यांनी माझी नवी जबानी लिहून घेतली, प्रत्येक ओळीखाली माझी सही घेऊन. ठकूबाईला सोडलं. ती आत होती ते दिवस मोजले तर सहा भरले.

ती आणि मी एकाच वाटेनं निघालो, ती पुढं, मी वीस पावलं मागं. ओढ्यापाशी ती थांबली. मला वाटलं, आता दोन शब्द बरे बोलेल.

“तुमी मला सोडवलंत म्हनं,” ती म्हणाली.

“हो.”

“आन अडकवलं कोनी?”

मी काखेतली वही सावरली.

“तेवडं बी लिवलंय का वहीत?”

“लिहिलंय,” मी म्हणालो. तोवर लिहिलं नव्हतं. त्या मुक्कामी लिहिलं.

रान अजून धुमसत होतं. तिचं अळू पिवळं पडलं होतं. ती कडेनं एक चक्कर मारून आली, हातातल्या काठीनं जमीन टोचत, आणि धोंडिभाऊंसमोर उभी राहिली.

“घागरीनं इझनार न्हाई हे. चराचं तोंड बुजवा. खालचं तोंड आधी, मग वर वर या. पानी आपल्या जाग्यावर आलं की आपोआप इझंल.”

“म्हंजे सगळं पुन्हा चिखलात?” धोंडिभाऊ म्हणाले. “आन माझा बटाटा?”

“बैलाचा पाय गेला तेवडं पुरं न्हाई का झालं?”

धोंडिभाऊंचा चेहरा लाल झाला. पण पाखऱ्या समोरच बांधला होता, तीन पायांवर. त्यांनी कुदळ उचलली आणि चराच्या खालच्या तोंडाशी जाऊन पहिला दगड स्वतः टाकला. दगड, चिकण माती, त्यावर पुन्हा दगड. मीही खाली उतरलो. जे चर मी दोरी लावून आखले होते तेच माझ्या हातानं बुजवत होतो. ठकूबाई काठावर उभी राहून कुठं गळतंय ते सांगत होती. मी तिला विचारलं, “तुम्ही कशाला आलात मदतीला?”

“तुमच्यासाटी न्हाई,” ती म्हणाली. “माझी म्हस कुटं नेऊ?”

तिच्या बापानं लहानपणी तिला सांगितलं होतं, एका दुष्काळात झरा आटला तेव्हा या रानाची एक कड अशीच आतून जळाली होती. ते ऐकून मी विचारलं, “हे तेव्हाच का नाही सांगितलंत?” ती म्हणाली, “तुमी इचारलं व्हतं का?”

पाणी हळूहळू वर चढलं. एकेक धूर बंद झाला. शेवटचा धूर पाऊस लागल्यावर गेला. मधोमध जिथं जास्त जळालं तिथं मोठा खड्डा पडला होता, त्यात तळं साचलं. ते अजून आहे.

त्या रानाचं पुढं काय करायचं हे आम्ही तिघांनी भांडून ठरवलं. मधला भाग ओलाच ठेवायचा. तिथं अळू, लव्हाळा आणि गवत. कडेच्या पट्ट्यात भात, आणि भातानंतर थोडा भाजीपाला. तिथं एक नवा उथळ चर काढून त्याच्या तोंडाला फळी बसवली, वर-खाली सरकणारी. पाणी जमिनीच्या खाली वीतभर राहील एवढंच सोडायचं, त्याहून थेंबही खाली नाही. फळी कुणाच्या ताब्यात ठेवायची यावर दोन दिवस गेले. धोंडिभाऊंचा ठकूबाईवर विश्वास नव्हता, तिचा धोंडिभाऊंवर नव्हता, आणि माझ्यावर दोघांचाही नव्हता. शेवटी फळीला दोन कुलपं लावली आणि दोघांकडे एकेक किल्ली दिली. एकाला उघडायची तर दुसऱ्याला बोलवावं लागे. पुढं मी बरीच सहकाराची व्याख्यानं ऐकली, पण ही व्यवस्था जितकी टिकली तितकी त्यातली कुठली टिकलेली पाहिली नाही.

उत्पन्न पहिल्या बटाट्याच्या पासंगालाही पुरलं नाही. पण दर वर्षी आलं.

मी वर सविस्तर लिहून पाठवलं, चर माझ्या सल्ल्यानं खणले आणि आग त्यामुळं लागली, असं स्पष्ट. उत्तर एका ओळीचं आलं, चर पूर्ण बुजवल्याचं कळवावं. कळवलं. त्यानंतर माझ्या पाठीवर कुणी हात ठेवला नाही, आणि खरं सांगायचं तर ते बरंच झालं. नव्या गावात गेलो की मी आधी विचारायला लागलो, हे रान असंच का ठेवलंय? उत्तर मिळायला कधी दोन खेपा लागत, कधी चार. लोक सांगायचे, पण डोळे बारीक करून.

नोकरी सुटायच्या आदल्या वर्षी पुन्हा त्या वाडीला गेलो. धोंडिभाऊ वारले होते. त्यांची किल्ली सुनेकडे होती. ठकूबाई म्हातारी झाली होती, पण अळवाच्या वाफ्यात गुडघाभर पाण्यात उभी होती. मी काठावरून म्हणालो, “थोडी माती बघू का?”

तिनं मला खाली उतरू दिलं नाही. स्वतः वाकून पाण्यातून ओंजळभर काढली आणि वर दिली. थंडगार, काळी, गच्च भिजलेली. मी चोळली, हुंगली. खूप बरं वाटलं. ती तशीच हात पुढं करून उभी होती. मला आधी कळलं नाही.

“बगून झालं न्हवं?” ती म्हणाली. “मग द्या हिकडं.”

मी माती परत दिली. तिनं ती जिथून काढली होती तिथंच पाण्याखाली दाबली, वरून पाय देऊन नीट बसवली, आणि मी बांधावरून खाली उतरून वाटेला लागेपर्यंत तिथंच उभी राहिली.